पोलादाच्या जोडांची परीक्षा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना अभिवादन करून मी विषयाकडे वळतो. पोलादी इमारतीत तुळई जिथे खांबाला मिळते, त्या जोडाविषयी मला आज बोलावयाचे आहे.

१७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, नॉर्थरिज येथे ६.७ परिमाणाचा भूकंप झाला. पूल कोसळले, घरे पडली. पोलादी सांगाड्याच्या इमारती मात्र उभ्या राहिल्या. पुढे जोडांवरील अग्निरोधक लेप काढून पाहिले, तेव्हा शंभराहून अधिक इमारतींत वेल्डिंगला तडे गेलेले आढळले. काही तडे तर थेट खांबात शिरले होते.

पोलाद तुटण्यापूर्वी वाकते आणि वाकताना भूकंपाची ऊर्जा पचविते, या गुणावर सारी रचना विसंबून होती. येथे ते पुरेसे वाकण्यापूर्वीच तुटले. असे का व्हावे? वेल्डिंगच्या धातूत चिवटपणा कमी होता. वेल्डिंगसाठी खाली लावलेली आधारपट्टी तशीच ठेवल्यामुळे तिच्या कडेशी खाच राहत असे आणि तडा तेथूनच सुरू होई. शिवाय, जुने प्रयोग लहान तुळयांवर झालेले होते. प्रत्यक्षात मोजक्याच चौकटींवर भार सोपविण्याची पद्धत रूढ होऊन तुळया फार मोठ्या झाल्या होत्या. लहान नमुन्यावरचा निष्कर्ष मोठ्या आकाराला लागू पडेल, हे गृहीतच धरले गेले.

बरोबर एक वर्षाने, १७ जानेवारी १९९५ रोजी, जपानमधील कोबे येथेही तुळयांच्या टोकांशी असेच तडे दिसले.

त्यानंतर अमेरिकेत पूर्ण आकाराच्या जोडांवर प्रयोग झाले आणि २००० साली नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. चिवट वेल्डिंग तर आलेच. पण एक उपाय विलक्षण आहे. खांबापासून थोड्या अंतरावर तुळईच्या वरच्या व खालच्या पट्ट्यांच्या कडा गोलाकार कापून तिला मुद्दाम कृश करतात. मग तुळई तेथे वाकते आणि जोडावरील ताण मर्यादेत राहतो. भूकंपात काहीतरी झिजणारच. ते कोठे झिजावे, हे अभियंत्याने आधी ठरवावयाचे असते.

विद्यार्थी मित्रहो, त्या इमारती तेव्हाच्या नियमांनुसारच बांधलेल्या होत्या. म्हणून नियम शिकताना तो कोणत्या प्रयोगावर उभा आहे आणि त्या प्रयोगाची मर्यादा कोणती, हे अवश्य विचारा. आपण जोडलेल्या सांध्यावर उद्या कोणाचे तरी घर उभे असेल.