काडी, नळी आणि ठसा
(प्राथमिक शिक्षकांसमोरील व्याख्यान)



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की पुणे शहरात पेठापेठांतून छंदवर्गांच्या पाट्या लागतात. भेटकार्डे, ठसेकाम, मातीकाम यांच्या जोडीस आता संगणकावर त्रिमित आकृती घडविण्याचे वर्गही आले आहेत. शुल्क भरणाऱ्या घरातील मुलास तेथे काही ना काही लाभते, यात शंका नाही. प्रश्न उरतो तो ज्यांच्या घरी असे शुल्क परवडत नाही त्या मुलांचा. त्यांच्यासाठी छंदवर्ग भरावयाचा तर तो शाळेतच, आणि शाळेच्या वेळातच भरावयास हवा.

तशी तरतूद शिक्षणक्रमात पूर्वीपासून आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेतून मूलोद्योग शिक्षणाचा विचार पुढे आला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाचा पुरस्कार केला. परंतु प्रत्यक्ष वर्गात त्याची काय गत झाली, हे शिक्षकांस सांगावयास नको. प्रदर्शनाची तारीख ठरते, वस्तू घरी आईबाप तयार करतात आणि काचेच्या कपाटातील सुबक बंगला पाहून पाहुणे प्रसन्न होतात. ज्याच्या नावाची चिठ्ठी त्या बंगल्यावर असते, त्याने तो जपून शाळेपर्यंत आणला, एवढाच त्याचा त्यात वाटा! अशा वस्तूपेक्षा मुलाने स्वतः जोडलेली आणि कोसळलेली चौकट अधिक मोलाची होय.

कोसळण्याचे हे मोल ज्यांनी ओळखले, त्यांत अरविंद गुप्ता यांचे नाव अग्रभागी येते. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले हे अभियंते पुण्यात टेल्को कारखान्यात नोकरीस होते. १९७८ मध्ये ते रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तेथे त्यांना आगकाडी आणि सायकलच्या वाल्व्हवर चढवितात ती बारीक रबरी नळी, या दोन वस्तूंची जोडी सापडली. नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापावा, त्याच्या दोन तोंडांत दोन काड्या खुपसाव्यात, की सांधा तयार! सांध्यास मधोमध काट्याने आरपार भोक पाडले म्हणजे तिसरी काडीही बसते. पुढे पुण्यातच, आयुकाच्या ‘मुक्तांगण विज्ञान शोधिके’त, त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करून मुलांच्या हाती दिली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई; सायकली विरळ झाल्या, तरी ही नळी सायकलच्या दुकानात अजून मिळते.

या काड्यांपासून मुलाने प्रथम त्रिकोण करावा, नंतर चौकोन. त्रिकोण दाबला तरी आकार सोडीत नाही. चौकोन बोटाच्या स्पर्शाने कलंडतो. चार काड्यांची लांबी तीच राहते, कोन मात्र बदलतात. तीन काड्यांना ती मोकळीक नसते. हे वाक्य शिक्षकाने आधी उच्चारू नये. मुलास चौकोन उभा करण्याचा ध्यास लागू द्यावा. बराच वेळ खटपट केल्यावर एखादे मूल खराट्याचा हीर आणून चौकोनात तिरपा बसविते, आणि ज्या क्षणी तो स्थिर होतो त्या क्षणी कर्ण ही गोष्ट त्याची स्वतःची होते. त्यानंतर त्यास कौलारू छपराखालील कैची किंवा विजेच्या तारांचा उंच मनोरा दाखवावा. सहा काड्यांचा चतुष्फलक तत्काळ उभा राहतो. बारा काड्यांचा घन मात्र गळून पडतो. त्याच्या सहाही पृष्ठांवर एकेक कर्ण घातल्याशिवाय तो ताठ होत नाही.

संगणकावरील आकृतींकडे जाण्याचा मार्गही येथूनच निघतो. पडद्यावर दिसणारा घोडा असो वा घर, संगणक त्याचा पृष्ठभाग बहुधा लहान लहान त्रिकोणांत मांडतो. कारण, एका रेषेत नसलेले कोणतेही तीन बिंदू एकाच सपाटीत बसतात, चौथ्याची हमी देता येत नाही. तीन दगडांची चूल डगमगत नाही आणि चार पायांचे स्टूल ओबडधोबड जमिनीवर डुगडुगते, हे ग्रामीण मुलास ठाऊकच असते. ज्या शाळेत संगणक आहे तेथे ‘ब्लेंडर’सारखी विनामूल्य प्रणाली अवश्य दाखवावी, तथापि चतुष्फलक हातात फिरवून पाहिल्यानंतर दाखवावी. पडद्यावरील घन कर्णावाचूनही उभा राहतो, म्हणून त्यापासून मूल निम्मेच शिकते.

ठसेकामाची गोष्ट याहून सोपी, पण तितकीच खोल. भेंडी आडवी कापली की पाकळ्यांचे फूल आयतेच मिळते. बटाटा कोरावा, मात्र कापलेली बाजू फडक्यावर पालथी ठेवून पाणी निपटू द्यावे, नाहीतर रंग पसरतो. ताटलीत ओल्या कापडाची घडी ठेवून तीवर घट्ट रंग ओतला की शाईची गादी झाली. दुमडलेल्या कागदावर हे ठसे उठवून संक्रांतीचे भेटकार्ड होते. ते खरोखरीच कोणा नातलगास, पुरा पत्ता लिहून, टपालाने धाडावे.

यात मुख्य धडा अक्षराच्या ठशात आहे. जुन्या चपलेच्या रबरी तळव्यावर मूल आपल्या नावाचे पहिले अक्षर सरळ कोरते आणि कागदावर ते उलटे उमटते. वर्गात हशा पिकतो, पिकू द्यावा. ‘ठ’ हे अक्षर मात्र आरंभी देऊ नये. ते डावीउजवीकडे जवळजवळ सारखेच असल्यामुळे चूक झाकली जाते. ‘ग’ किंवा ‘र’ उत्तम. चूक दिसल्यावर युक्ती सांगावी: पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने अक्षर गडद लिहून तो रबरावर पालथा घासला की अक्षर आपोआप उलटे उतरते. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा स्थापन केली. तिच्यासारख्या शिळाछापखान्यांत दगडावर चित्र आणि अक्षर असेच उलटे उतरवीत, हे त्या वेळी सांगितले तर मुलांस आपल्या चपलेच्या तुकड्याचा थोडा अभिमान वाटतो.

वाचनात मागे पडणारे मूल या कामात कित्येकदा पुढे असते. त्याची चूक शिक्षकाची लाल शाई दाखवीत नाही; काडी दाखविते, ठसा दाखवितो आणि पुन्हा करून पाहण्यास कोणाची अनुज्ञा लागत नाही. म्हणून या तासास गुण नसावेत, क्रमांक नसावेत. शिक्षकाचे हात शक्यतो पाठीमागे असावेत, हे सर्वांत कठीण. अपवाद दोन. पाते शिक्षकानेच चालवावे आणि काड्यांची गुले त्यानेच आधी काढून टाकावीत. बिनगुलाच्या काड्या मिळाल्यास अधिक बरे.

एका मुलास चतुष्फलक व घन यांसाठी अठरा काड्या आणि दोन सेंटिमीटरचे बारा तुकडे लागतात, म्हणजे चोवीस सेंटिमीटर नळी. चाळीस मुलांच्या वर्गास ७२० काड्या आणि सुमारे दहा मीटर नळी पुरते. नळी मोडक्या काडीसह उपसून पुन्हा वापरता येते. वर्षाअखेर ती एका डब्यात भरून पुढील यत्तेच्या शिक्षकाकडे द्यावी.