पूर्णवेळ की अर्धवेळ? : निवृत्तीपूर्वीच्या वर्षांचा विचार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी साहित्य, संगीत वा इतिहास असे रसाळ विषय सोडून आम्ही नोकरी आणि निवृत्तिवेतन यांसारखा रुक्ष विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मंडळी पोटापाण्यासाठी स्वप्रांत सोडून येथे आली, आणि त्यातील बरीचशी आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. गणेशोत्सवाच्या आरतीनंतर चार मंडळी एकत्र बसली, की बोलणे फिरूनफिरून एकाच प्रश्नावर येते : "आता किती वर्षे राहिली? शेवटपर्यंत रेटायचे, की थोडे आधीच मोकळे व्हायचे?" जो प्रश्न घरोघरी आहे, त्याचा एकदा उघडपणे विचार व्हावा, एवढाच आमचा हेतू.

आपले मंडळ स्थापन झाले तेव्हा केंद्र सरकारी नोकराचे निवृत्तीचे वय ५८ होते. १९६२ साली ते ५५ वरून ५८ झाले आणि १९९८ साली ५८ चे ६०. वीस वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छेने निवृत्त होण्याची सोय १९७७ साली आली. म्हणजे शेवटच्या टोकाची रेषा पुढे सरकत गेली आणि मधले दारही उघडले. पूर्वी हा प्रश्न नियमच सोडवीत. आज तो आपणांस सोडवावा लागतो.

पाश्चात्त्य देशांत निवृत्तीपूर्वी काही वर्षे अर्धा दिवस वा आठवड्यातून तीनच दिवस काम करण्याची रीत आहे. आपल्या सरकारी नोकरीत असे मधले पाऊल नाही. एक तर पूर्णवेळ, नाही तर घरी. शिवाय वर्तणूक नियमांप्रमाणे नोकरीत असता पूर्वपरवानगीवाचून दुसरी नोकरी वा धंदा करता येत नाही. मानसेवी सामाजिक कार्यास आणि प्रसंगोपात्त साहित्यकलेच्या कामास मात्र, कर्तव्यास बाध येत नसेल तर, आडकाठी नाही. तेव्हा आपल्यापैकी ज्याला 'अर्धवेळ' हवे, त्याला आधी 'पूर्णवेळ' सोडावे लागते, आणि मग बाहेर कोठे तरी दोन-चार तासांचे काम पाहावे लागते. उडी घेण्यापूर्वी पाण्याची खोली मोजावी, ती यासाठीच.

पुष्कळदा एक युक्तिवाद ऐकू येतो. "निवृत्तिवेतन मूळ वेतनाच्या निम्मे मिळणारच, मग आपण राबतो ते उरलेल्या निम्म्यासाठीच ना?" वरवर पाहता हे खरे आहे. जुन्या निवृत्तिवेतन योजनेतील ज्याची वीस वर्षे भरली आहेत, त्याला आता निम्म्या वेतनाइतके पूर्ण निवृत्तिवेतन मिळते. पूर्वीची तेहेतीस वर्षांची अट उरलेली नाही. परंतु निम्मे कशाचे, हा खरा प्रश्न आहे. समजा, एका अधिकाऱ्याचे वय ५२, सेवा २८ वर्षे आणि मूळ वेतन ९०,००० रुपये आहे. आज बाहेर पडल्यास निवृत्तिवेतन ४५,००० आणि त्यावर महागाईसाहाय्य. तो ६० पर्यंत राहिला आणि बढती न होता केवळ तीन टक्क्यांची वार्षिक वेतनवाढ मिळाली, तरी वेतन सुमारे १,१४,००० आणि निवृत्तिवेतन ५७,००० होईल. हा १२,००० रुपयांचा फरक आठ वर्षांचा नव्हे, हयातीचा आहे. ग्रॅच्युइटीही २८ वर्षांना चौदा महिन्यांच्या वेतनाइतकी भरते, तर तेहेतीस वर्षांना साडेसोळा महिन्यांच्या. अर्थात ठरलेल्या कमाल मर्यादेत.

याहून महत्त्वाचा आकडा पत्नीचा. कुटुंब निवृत्तिवेतन सामान्यतः शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असते. वरील उदाहरणात ते आज २७,००० आणि आठ वर्षांनी ३४,२०० येते. हिशेब मांडताना गृहस्थ बहुधा स्वतःच्या आयुष्याचा विचार करतात. जी आपल्यामागे कदाचित दहा-पंधरा वर्षे जगणार, तिला विचारल्यावाचून हा निर्णय करणे आम्हांस अन्यायाचे वाटते. कागद घेऊन बसावे, ते दोघांनी.

ज्यांची नेमणूक १ जानेवारी २००४ रोजी वा त्यानंतरची आहे, त्यांचे गणित निराळे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत निम्म्या वेतनाच्या हमीस पंचवीस वर्षांची सेवा लागते. आणि पंचवीस वर्षांनंतर स्वेच्छेने बाहेर पडले तरी ती रक्कम सुरू होते, ती वयोमानाने निवृत्त झाले असते त्या तारखेपासून. मधल्या वर्षांची तरतूद ज्याची त्याने करावयाची. आपल्या तरुण सभासदांनी हे आताच ध्यानी ठेवावे.

खासगी कारखान्यांतील आणि कंपन्यांतील बांधवांपुढे मालक कधी कधी खरोखरीचे अर्धवेळ काम ठेवतो. तेथे वेगळा खड्डा आहे. ग्रॅच्युइटी मोजतात ती सर्वसाधारणपणे शेवटच्या वेतनावर. दर वर्षास पंधरा दिवसांचे वेतन, आणि महिना सव्वीस दिवसांचा. वेतन ५२,००० आणि सेवा तीस वर्षे असेल, तर रक्कम नऊ लाख होते. शेवटच्या वर्षी अर्ध्या वेळेसाठी वेतन २६,००० झाले, तर त्याच तीस वर्षांची ती साडेचार लाखांवर येते. एका वर्षाच्या विसाव्यासाठी आयुष्याच्या श्रमाची किंमत निम्मी व्हावयाची! म्हणून वेळ कमी करून घेण्यापूर्वी मागील सेवेच्या हिशेबाचे काय, हे मालकाकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी उद्या त्या खुर्चीवर असेलच असे नाही.

येथवर आम्ही पूर्णवेळाची बाजू मांडली, असे वाटेल. पण पैसा ही तराजूची एकच पारडी. दुसऱ्या पारडीत वेळ आहे, आणि आपणां परप्रांतस्थांच्या बाबतीत ती फार जड आहे. गावी आईवडील ऐंशीच्या घरात आहेत. ते येथे येत नाहीत, कारण येथील भाषा त्यांना परकी, थंडी सोसवत नाही, आणि अंगणातली तुळस सोडवत नाही. आपण स्वग्राम प्रवास सवलतीवर चार दिवस जातो आणि परत फिरतो. वेतनवाढ दर वर्षी येते. आईबापांची वर्षे मात्र उलट्या दिशेने मोजावी लागतात. आठ वर्षे थांबून निवृत्तिवेतन १२,००० नी वाढेल, परंतु ज्यांच्यासाठी परतावयाचे ते तेव्हा असतील काय? हा आकडा कोणत्याही नियमपुस्तकात सापडत नाही.

मग दोन्ही साधावे कसे? आमच्या मते नोकरी सोडण्याआधी नोकरीतच किती मोकळीक शिल्लक आहे, ते पाहावे. अर्जित रजा वर्षाला तीस दिवस, अर्धवेतनी रजा वीस दिवस. अनेकजण पहिली जमवून ३०० दिवसांचे रोख पैसे घेतात आणि दुसरी तशीच पडू देतात. ३०० चा आकडा भरल्यावर साठणारी रजा न घेतली तर वायाच जाते. तिचे दर तिमाहीस काही दिवस पाडून घेतले, तर तो एक प्रकारचा अर्धवेळच होय, आणि तोही वेतनाला धक्का न लावता. काही खात्यांत निवृत्तीआधीच्या वर्षांत स्वगावाजवळ बदलीची विनंती करता येते; तीही वेळेवर करावी.

सोडावयाचेच ठरले, तर तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. नियुक्ती अधिकाऱ्याने मुदतीत नकार कळविला नाही तर निवृत्ती अमलात येते, आणि दिलेली नोटीस मागे घ्यावयाची तर त्याच्या संमतीनेच, तीही ठरल्या तारखेपूर्वी. म्हणून साहेबाशी वाद झाला त्या दिवशी नोटीस लिहू नये. गट 'अ' च्या अधिकाऱ्यांनी निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत व्यापारी संस्थेत नोकरी धरावयाची, तर सरकारची परवानगी लागते, हेही विसरू नये. परतण्याच्या गावाचाही विचार हवा. केंद्रीय आरोग्य योजनेचे दवाखाने मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत आहेत. कोकणातल्या वाडीत वा माणदेशातल्या खेड्यात नाहीत. ज्याला दर महिन्यास औषधे लागतात, त्याने घर बांधण्यापूर्वी दवाखान्याचे अंतर मोजावे.

आमच्याच इतिहासात दोन्ही वाटांची थोर उदाहरणे आहेत. न्यायमूर्ती रानडे अखेरपर्यंत सरकारी सेवेत राहिले. १८९३ पासून ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते आणि १९०१ साली निधन पावले. तरी प्रार्थनासमाज, सार्वजनिक सभा, सामाजिक परिषद आणि मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील ग्रंथ हे सारे त्यांनी नोकरी सांभाळूनच केले. त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी मात्र १९०२ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्ती घेतली आणि १९०५ साली भारत सेवक समाज स्थापिला. गुरू राहिला, शिष्य बाहेर पडला. कोणाचे चुकले असे कोण म्हणेल? गोखल्यांना नोकरी सोडून कोठे जावयाचे हे ठाऊक होते. ज्याला केवळ कशापासून सुटावयाचे एवढेच कळते, त्याची निवृत्ती दोन महिन्यांत वर्तमानपत्राच्या घड्या घालण्यात संपते.

निवृत्तिवेतन ही कृपेची भिक्षा नव्हे, तर केलेल्या सेवेचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नकारा प्रकरणात १७ डिसेंबर १९८२ रोजी सांगितले. त्या पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे आपल्याच मातीतले. हक्क आपला आहे, तसा निर्णयही आपलाच आहे.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे : आधी दोघांनी बसून आकडे मांडावेत, मग गावी कोण वाट पाहते आहे ते आठवावे, मग शिल्लक रजा मोजावी, आणि सोडल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी आपण काय करणार, हे एका वाक्यात लिहून पाहावे. ते वाक्य लिहिता आले, तर खुशाल नोटीस द्यावी. लिहिता आले नाही, तर आणखी एक वर्ष कचेरीत जावे, आणि आईला भेटावयास मात्र या महिन्यातच जावे.