प्रबंधाचे इंग्रजी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आज मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे व पुढे अध्यापनाची पदविका, एवढेच. प्रबंध लिहिण्याचा योग मला आला नाही. परंतु मराठी शाळेत इंग्रजी शिकविण्यात माझे आयुष्य गेले, आणि निवृत्तीनंतर ज्ञातीतील मुले-मुली आपल्या प्रबंधांची बाडे ‘गुरुजी, एकदा नजरेखालून घाला’ म्हणून आणून देतात. ती वाचताना जे ध्यानात आले, तेच आपणापुढे ठेवतो.

इंग्रजी जितके अवघड तितकी विद्वत्ता मोठी, असा एक समज आपल्या घरांतून रूढ आहे. तो टाकला पाहिजे. खुद्द इंग्लंडात हा वाद साडेतीनशे वर्षांपूर्वीच होऊन गेला. १६६० साली लंडनमध्ये रॉयल सोसायटी स्थापन झाली. तिचा इतिहास लिहिणाऱ्या टॉमस स्प्रॅट यांनी १६६७ सालीच नोंदवून ठेवले की, संस्थेच्या सभासदांनी शब्दांची फुगवट टाकून गणितासारख्या उघड्या, सरळ भाषेत बोलावे, असा तिचा आग्रह होता. शास्त्रीय इंग्रजीचे मूळ अशा साधेपणात आहे.

साधे म्हणजे सैल मात्र नव्हे. ‘डोन्ट’, ‘कान्ट’ ही बोलण्यातील रूपे. प्रबंधात ‘डू नॉट’, ‘कॅनॉट’ असेच लिहावे. ‘अ लॉट ऑफ’ लिहून भागत नाही. किती, तो आकडा द्यावा. ‘डू द नीडफुल’ ही कचेरीतील अर्जाची भाषा आहे. तिलाही येथे स्थान नाही.

आता नेमकेपणाकडे वळू. आपल्या मुलांची खरी अडचण मराठीच्या सवयीतून येते. मराठीत ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ ही उपपदे नाहीत, म्हणून ती किरकोळ वाटतात. एखाद्या विद्यार्थ्याने एका तालुक्यातील चाळीस शेतकऱ्यांना भेटून ‘फार्मर्स रिफ्यूज लोन्स’ असे लिहिले, तर शेतकरी म्हटला की तो कर्ज नाकारतोच, असा त्याचा अर्थ झाला. ‘द फार्मर्स रिफ्यूज्ड लोन्स’ असे लिहिले, तर ज्यांची हकीकत वर सांगितली त्या शेतकऱ्यांनी कर्ज नाकारले, एवढाच अर्थ झाला. एका ‘द’ने आणि भूतकाळाने विधान चाळीस माणसांपुरते राहिले. व्याकरणाचा प्रश्न येथे सत्याचा प्रश्न होतो.

तीच गोष्ट ‘ओन्ली’ची. आपण आपला ‘च’ इंग्रजीत नेऊन ‘ओन्ली’ कोठेही बसवितो. परंतु ‘ओन्ली विमेन वर्क इन द फील्ड्स’ म्हणजे शेतात फक्त स्त्रियाच राबतात. आणि ‘विमेन वर्क ओन्ली इन द फील्ड्स’ म्हणजे स्त्रिया शेताखेरीज अन्यत्र काम करीत नाहीत. शब्द तेच, जागा बदलताच गावाचे चित्र बदलले.

यानंतर दाव्याची मर्यादा. पुरावा जेवढा, तेवढेच क्रियापद. ‘प्रूव्ह’ म्हणजे सिद्ध करणे, ‘इंडिकेट’ म्हणजे दर्शविणे, ‘सजेस्ट’ म्हणजे सुचविणे. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’ नियतकालिकात वॉटसन व क्रिक यांनी डीएनएच्या रचनेविषयी जेमतेम पानभर मजकूर प्रसिद्ध केला. जीवशास्त्र पालटून टाकणारा तो लेख. पण रचना सिद्ध केल्याचा डांगोरा त्यात नाही, ती सुचविल्याची भाषा आहे. उलट, प्रत्येक वाक्यात ‘मे’, ‘परहॅप्स’, ‘पॉसिबली’ पेरून ठेवणे हाही दोषच होय. जे आपण मोजले, ते निःशंकपणे सांगावे.

कर्मणी प्रयोगाविषयीही गैरसमज आहे. ‘मी’ लिहिणे अविनयाचे, म्हणून मुले सारे लेखन कर्मणीत करतात. प्रयोगशाळेतील कृती सांगताना तो शोभतो. परंतु निवड कोणी केली, मत कोणाचे, हे लपत असेल तेथे तो टाळावा. वॉटसन-क्रिक यांनी ‘आम्ही’ असेच लिहिले आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनसंहितेची २०१९ ची सातवी आवृत्तीही कर्तरी प्रयोगाचाच पुरस्कार करते. अर्थात, आपल्या विद्यापीठाचा नियम प्रथम पाहावा.

या शैलीचा आदर्श आपल्यापासून दूर नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरील इंग्रजी निबंध वाचला. प्रथम त्यांनी सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या व्याख्या एकामागून एक पुढे मांडल्या. केतकरांच्या व्याख्येतील गुण मान्य केला. आणि तीत सांगितलेली दोन लक्षणे, जातीबाहेर विवाहास बंदी व जन्माने येणारे सभासदत्व, ही वस्तुतः एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, हे दाखविले. कोठे उपहास नाही, कोठे मोघम शब्द नाही. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे सांगताना, त्या निबंधाचा विषय आपणांसही आत्मपरीक्षण करावयास लावतो, हे मी झाकून ठेवीत नाही.

शेवटी पालकांस विनंती. आपल्यापैकी पुष्कळ घरांत प्रबंध लिहिणारे ही पहिलीच पिढी आहे. भाषेच्या भीतीने मुले दुसऱ्याचे परिच्छेद उचलतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार हे साम्य दहा टक्क्यांच्या वर गेले की प्रबंध दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागतो, आणि साठ टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होते. आता यंत्रही घटकेत सफाईदार इंग्रजी लिहून देते. परंतु त्या चाळीस शेतकऱ्यांच्या ओसरीवर यंत्र बसले नव्हते. तुमचा मुलगा, तुमची मुलगी बसली होती. त्यांनी जे पाहिले ते मोडक्या का होईना, पण स्वतःच्या वाक्यात प्रथम उतरावे. वाक्य नीट करता येते. न पाहिलेले पाहिले असे करता येत नाही.

यासाठी मंडळाने एक गोष्ट करावी, असे मी सुचवितो. महिन्यातून एका रविवारी कार्यालयाची खोली मोकळी ठेवावी. ज्ञातीतील दोन प्राध्यापकांनी व मजसारख्या निवृत्त शिक्षकांनी तेथे बसावे, आणि प्रबंध लिहिणाऱ्या मुलांनी आपले एकेक पान मोठ्याने वाचून दाखवावे. प्रत्येक वाक्याला एवढेच विचारावे: हे तुला कसे कळले, आणि जेवढे कळले तेवढेच लिहिलेस ना? यास खर्च चहाचा. पुढील संमेलनात सत्कारार्थींच्या गुणांबरोबर त्यांच्या प्रबंधातील एखादे नेमके पानही वाचले गेले, तर मला धन्यता वाटेल.