दोन गल्ल्यांचे गाणे



वसंत व्याख्यानमालेत रॅपवर बोलावे, हे काही ज्येष्ठ मंडळींस रुचलेले नाही. त्यांस आम्ही दोष देत नाही. आमचेही मत बरीच वर्षे तेच होते. शेजारून तो ताल ऐकू आला की आम्ही खिडकी लावून घेत असू. पुढे एकदा शब्द नीट कानी पडले, आणि खिडकी उघडीच राहिली.

या गाण्याचे मूळ जमैकात आहे. तेथे रेगेच्या तबकड्या लावणारा माणूस तालावर बोलू लागे. किंग्स्टनमध्ये जन्मलेल्या कूल हर्क याने ती रीत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात नेली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी त्याच्या बहिणीने भरवलेल्या जलशापासून हिप हॉपचा जन्म मोजतात. आणि गंमत पाहा, आमच्या कुर्ल्याच्या नावेद शेख याला, म्हणजे नेझीला, शाळकरी वयात या विद्येची गोडी लागली ती जमैकाच्याच शॉन पॉलचे गाणे पाठ करताना!

नेझीने २०१४ साली 'आफत' चित्रित केले ते साध्या आयपॅडवर. इकडे अंधेरीच्या जे. बी. नगरचा विवियन फर्नांडिस, म्हणजे डिव्हाइन, आधी इंग्रजीत रचना करी. मुंबईच्या हिंदीवर आला तेव्हा कोठे त्याच्या वाणीला धार चढली. २०१५ साली दोघांचे 'मेरे गली में' निघाले. एकाचा आवाज भरदार, दुसऱ्याचा चपळ. कलगी-तुऱ्यात शाहीर समोरासमोर उभे ठाकतात. येथे दोघे एका बाजूला, आणि समोर सारे शहर. दोघांच्या कामात आम्हांस हेच सरस वाटते.

नेझीवरील लघुपटाचे नाव 'बॉम्बे ७०'. कुर्ल्याचा पिनकोड ४०००७०, त्यावरून. आपल्या दहिसरच्या ४०००६८ वर कोणी एक ओळ तरी रचली आहे काय? असो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये या दोघांवरून स्फुरलेला झोया अख्तर यांचा 'गली बॉय' आला. पुढल्या वर्षी त्याला फिल्मफेअरची १३ पारितोषिके मिळाली. पण नायकाचे घर धारावीत गेले. कुर्ला आणि अंधेरी पडद्याआड राहिली. हे आम्हांस खटकले. त्याच चित्रपटाच्या निमित्ताने न्यूयॉर्कच्या नॅसबरोबर दोघांचे आवाज पुन्हा एकत्र आले, एवढे मात्र चांगले झाले.

पुढे वाटा फुटल्या. डिव्हाइनने त्याच साली 'कोहिनूर' काढला आणि स्वतःची कंपनी थाटली. नेझी मध्यंतरी गाण्यापासून दूर राहून परतला होता. २०२४ साली तो 'बिग बॉस'च्या ओटीटी पर्वात उपविजेता ठरला. दहा वर्षांपूर्वी आयपॅडवर आपले आपण चित्रण करणारा हा मुलगा, आता चोवीस तास दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांपुढे बसला होता.