थांबायला कुणाला सांगायचं?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे; डॉक्टर नाही, आलिमही नाही. संगणकासाठी नियम लिहिणं हे माझं काम. आज माणसांसाठी लिहिलेल्या एका नियमाबद्दल बोलतो. काही देशांत गर्भपात मागणाऱ्या बाईला कायदा सांगतो, की आधी ठरावीक दिवस थांब, मग ये.

आयर्लंडचं उदाहरण घ्या. मूळच्या बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचा २०१२ साली गॉलवेच्या इस्पितळात मृत्यू झाला. गर्भ वाचणार नव्हता, तरी मागूनही त्यांना गर्भपात मिळाला नाही. जंतुसंसर्गाने त्या गेल्या. २०१८च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी घटनेतली बंदी उठवायला कौल दिला. २०१९पासून तिथे १२ आठवड्यांपर्यंत कारण न सांगता गर्भपात करता येतो. अट एकच राहिली: डॉक्टरने दाखला दिल्यावर तीन दिवस थांबायचं.

तीन दिवस म्हणजे काय मोठं? पण ११ आठवडे ५ दिवस झालेली बाई डॉक्टरकडे गेली, तर थांबता थांबता तिची मुदतच संपते. लांबच्या गावातल्या बाईला दोन खेपा, दोन रजा. जिचा निर्णय पक्का आहे आणि जिचा डळमळीत आहे, यांतला फरक या नियमाला कळत नाही. २०२३च्या अधिकृत आढाव्यात ही सक्ती काढून थांबणं ऐच्छिक करा, अशी शिफारस झाली. नेदरलँड्सने पाच दिवसांची अशीच सक्ती १ जानेवारी २०२३ला रद्द केली.

तुमच्यापैकी कुणी विचारेल, "तोंडी तलाकच्या वेळी तर आपणच म्हणत होतो, घाई नको, इद्दतीचा काळ जाऊ द्या. मग इथे थांबणं का नको?" प्रश्न रास्त आहे. पण तिथे नवऱ्याच्या एका शब्दाने बायकोचं घर जात होतं. दुसऱ्याच्या आयुष्यावर ज्याचा हात होता, त्याला आपण थांबवत होतो. इथे जिच्या शरीराचा प्रश्न आहे, तिलाच थांबवलं जातं, आणि तोवर गर्भाचे दिवस वाढत राहतात. गर्भपात योग्य की अयोग्य, यावर फुकहांमध्येही मतभेद आहेत. ज्या बाईला विचाराला वेळ हवा, तिला तो मिळालाच पाहिजे. पण तो तिने मागावा.

आपल्या १९७१च्या गर्भपात कायद्यात अशी सक्तीची मुदत नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. तरीही "आधी नवऱ्याला घेऊन या", "सासूला विचारा" असं म्हणत दिवस घालवले जातात. कायद्यात नसलेली ही मुदत आपण घरात आणि दवाखान्यात तयार केली आहे.

तेव्हा उद्या बहीण, बायको किंवा मैत्रीण तुमच्याकडे आली, तर तिला या तरतुदी सांगा, आणि ती म्हणेल त्याच दिवशी डॉक्टरकडे तिच्यासोबत जा.