घरघर लागलेली डिस्क आणि आपली कागदपत्रे

(कुंभारी येथे विडी कामगार वसाहतीतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



संगणकावर बोलायला मला बोलावले, तेव्हा काहीजणींना वाटले असेल की हा विषय इथे कशाला? कुंभारीत बोलायचे तर घरांबद्दल बोलावे. २००६ साली गोदूताई परुळेकरांच्या नावाने इथे दहा हजार विडी कामगार बायकांची घरे उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मोर्चे निघाले, बायकांनी आपला हिस्सा भरला, हे सारे खरे. पण मोर्च्याइतकेच काम कागदानेही केले आहे. त्या कागदाबद्दलच मी बोलणार आहे.

एकाच बाईची चार कागदांवर चार नावे असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. विडी कामगाराच्या ओळखपत्रावर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे, आधारवर तेलुगू आडनावाचे भलतेच स्पेलिंग आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात जन्मसालच वेगळे. मग साठीला पेन्शनचा अर्ज परत येतो. आमच्या कार्यालयातल्या जुन्या संगणकात अशा प्रत्येक बाईचा तक्ता आहे: कोणत्या कागदावर काय नाव, दुरुस्तीचा अर्ज कधी दिला, पोच कुठे आहे. शिवाय घरातल्या मारहाणीच्या तक्रारी घेऊन आलेल्या बायकांच्या नोंदी आहेत. हे सगळे एका हार्ड डिस्कवर, आणि त्या डिस्कला घरघर लागली.

ही डिस्क म्हणजे बंद डबीत फिरणारी चकती. मिनिटाला बहुधा ७२०० फेरे. तिच्यावरून वाचणारे टोक केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावर तरंगत असते. चकतीवरची एखादी जागा खराब झाली, की डिस्क ती बाद करते आणि राखीव जागेतली एक तिच्या बदली वापरते. आपण नापास विडी सुपातून बाजूला काढून दुसरी घालतो, तसेच. ती याचा हिशेबही ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर तो हिशेब दाखवते. बदललेल्या जागांचा आकडा वाढत चालला, किंवा 'पेंडिंग' जागा दिसू लागल्या, की समजावे. फाईल उघडायला पाच मिनिटे लागणे, मधूनच टक-टक आवाज येणे, ही त्याचीच लक्षणे.

आम्ही सोलापुरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "ताई, फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी न्या. नाहीतर घरातल्या कुणाला तरी पाठवा, त्यांना समजावतो." फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. आमच्या पाटीवर काय आहे, ते त्याने विचारलेसुद्धा नाही! संगणक घेऊन आम्ही परत आलो.

अशा वेळी दुरुस्तीचे प्रोग्राम चालवू नयेत. मरणाऱ्या डिस्कला ते आणखी दमवतात. आधी सर्वांत मोलाच्या फाईली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात, बाकीचे सगळे नंतर. डिस्क संगणकाला दिसतच नसेल आणि नुसती टकटक करीत असेल, तर पुनःपुन्हा चालू करून पाहू नये. डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेत द्यावी. तिथे खर्च बराच येतो, म्हणून आधीच जागे व्हावे. आणि हो, कधीकधी दोष केवळ केबलचा असतो. ती स्वस्त असते, आधी ती बदलून पाहावी.

आम्ही एसएसडी घेतली. हिच्यात फिरणारे काही नसते. जुन्या डेस्कटॉपला साटा जोडणी असेल, तर ती सरळ बसते. फक्त आकाराने लहान म्हणून पत्र्याची पट्टी लागते. साटा २००३ साली आली. त्याआधीच्या संगणकात रुंद पट्टीसारखी केबल दिसेल, त्याला ही चालत नाही. नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी घ्यावी.

नंतर जुनीची हुबेहूब प्रत नवीवर काढायची. क्लोनझिला हे काम करते. खराब जागा फार असतील तर डीडीरेस्क्यू बरे, कारण ते आधी चांगले तेवढे उचलते आणि अडलेल्या जागांकडे मागाहून वळते. हुबेहूबच का? आपली जुनी पत्रके श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली आहेत. फक्त फाईली नेल्या आणि फॉन्ट मागे राहिले, तर मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा उमटतो. या कामात एकच भीती आहे: कुठून आणि कुठे, हे उलटे निवडले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. म्हणून दोघींनी वाचून मगच 'हो' म्हणावे. आमच्याकडे एक मोठ्याने वाचत होती, दुसरी डब्यावरचा नंबर ताडून पाहत होती.

नवी डिस्क बसवताना वीज काढायची, पेटीच्या पत्र्याला हात लावायचा, जुन्या डिस्कचे स्क्रू काढायचे, दोन केबली नवीला लावायच्या. संगणक सुरू झाला की प्रत्येक प्रकारची एकेक फाईल उघडून बघायची. पण विंडोज १० असेल, तर त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यावर इंटरनेट चालवायचे असेल, तर त्याचा वेगळा विचार करावा लागेल.

जुनी डिस्क भंगारवाल्याला द्यायची नाही. पुसलेले परत काढता येते, आणि आपल्याकडे बायकांची नावे आहेत. बलात्कारासारख्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. कायदा नसता तरी विश्वासाने आलेल्या बाईचे नाव दुसऱ्याच्या हाती कसे जाऊ द्यायचे? नवीवर सगळे नीट चालते याची महिनाभर खात्री करून घ्यावी, मग चकत्या निकामी करून उरलेले ई-कचऱ्यात द्यावे. नव्या डिस्कची आणखी एक प्रत कुलूपबंद करून दुसऱ्या कार्यकर्तीच्या घरी ठेवली आहे.

आमची जुनी डिस्क मी आज बरोबर आणली आहे. तिचे झाकण उघडायला चांदणीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर लागतो, तोही आणला आहे. काही चकत्या काचेच्या असतात, तेव्हा तोडताना डोळे सांभाळा. ज्यांना बघायचे आहे त्यांनी पुढे या, पहिला स्क्रू कोण काढते?