आधी बापाला बोलवा
(दारव्हा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सिकलसेल म्हणजे काय, हे विदर्भातल्या सभेत सांगत बसत नाही. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. १ जुलै २०२३ ला शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोक तपासायचे ठरले, तेही पेपरात वाचलंत. नवजात बाळांची तपासणी नागपूरच्या मेडिकलमध्ये डॉ. दीप्ती जैन यांनी त्याच्या कितीतरी आधी केली, मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेच्या साथीने. पुढे चला.

मला एवढंच विचारायचंय, बाळाचा रिपोर्ट आला, तर तो सांगायचा कोणाला?

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला साधी चाचणी चालत नाही, एचपीएलसी नावाची चाचणी लागते, नमुना बाहेर जातो. कागद येतो तेव्हा पोरगी माहेरी, नवरा कामावर. आशाताई निरोप देतात, कागद बाळंतिणीच्या हाती पडतो. पुढे तो सासरी पोचतो, आणि वाचून सासूबाई म्हणतात, "आमच्या खानदानात नाई असं. हे तिच्या माहेराहून आलं." एसएस बाळाला दोष आई आणि बाप दोघांकडून येतो. पण गरोदरपणात आधी तपासली गेली ती आई, म्हणून नाव तिचं लागतं. माझं म्हणणं, बाप समोर बसल्याशिवाय पाकीट फोडूच नका.

एक किस्सा थोडक्यात सांगतो. (अध्यक्ष हसताहेत, त्यांना माझं थोडक्यात माहीत आहे.) दिग्रसकडचं जोडपं, दोघंही एएस, पहिलं बाळ एसएस. बापाला कोणीतरी उभ्या-उभ्या सांगितलेलं, "चारात एक." गडी खुशीत! मला म्हणतो, "एक तं होऊन गेलं जी, आता तीन चांगलेच होतीन नं?" (हशा) हसू नका, त्याचा हिशेब चोख होता, सांगणाऱ्याने अर्धं सांगितलं होतं. मी डबा मागवला, चार चिठ्ठ्या टाकल्या. एक एसएस, दोन एएस, एक कोरी. काढ, वाच, परत टाक. दर गरोदरपणाला डबा पुन्हा चार चिठ्ठ्यांचा. गड्याने पहिल्याच झटक्याला एसएस काढली, दुसऱ्यांदा पुन्हा तीच. मग बोलला नाही. बायको मात्र म्हणाली, "म्हंजे माह्या एकटीचं नाई." सगळं समुपदेशन त्या वाक्यात झालं. तिथून गेले, ते थेट पुढच्या गरोदरपणात लवकर तपासणीला आले.

तिसऱ्या रांगेतले आमचे डॉक्टर मान हलवताहेत. ओपीडीत दीडशे माणसं, वेळ कुठून आणू? कबूल. पण वेळेइतकीच अडचण शब्दांची आहे, आणि ती आपल्या एकट्याची नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मायकेल फॅरेल आणि सहकाऱ्यांनी तरुण बालरोग डॉक्टरांची, बाळाचा रिपोर्ट समजावतानाची बोलणी तपासली. २००८ च्या त्या अभ्यासात दिसलं, की डॉक्टर अवघड शब्द वापरतात भरपूर, उलगडून सांगतात क्वचित. तिकडे 'जीन', इकडे 'हेटेरोझायगस'. आईला विचारायचं असतं, माझं लेकरू जगेल का?

त्याचं उत्तर आहे. एसएस बाळ जन्मतः गुटगुटीत असतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन काही महिने सांभाळून घेतं. म्हणून घरच्यांना रिपोर्ट खोटा वाटतो. नेमकं तेव्हाच सांगावं लागतं. पेनिसिलिन रोज दोनदा, पाच वर्षांपर्यंत. १९८६ च्या अभ्यासात त्याने न्यूमोकोकस जंतूचा घातक संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. ताप आला की घरगुती उपाय नाही, त्याच दिवशी दवाखाना. प्लीहा कशी चाचपायची ते आईला शिकवा, आणि बापालाही. बाळ एएस असेल, तर पहिलंच वाक्य: बाळ आजारी नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. हायड्रॉक्सियुरिया हे औषध राहिलं, लग्न जुळवतानाची तपासणी राहिली. एक बोलतोच. हा आजार आदिवासींचाच, असं म्हणणारे इथेही बसलेत. विदर्भात तो अनेक जातींत सापडतो, नावं घेतली तर अध्यक्ष मला खाली बसवतील. (हशा)

तर नवरेमंडळी, बायको गरोदर असेल तर तिच्याबरोबर तुम्हीही रक्त द्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट आहे.